पेनसिल्व्हेनियाचं परमिट हातात आहे, आता पुढचं कुठल्या राज्याचं काढू?

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहता, ग्रीन कार्डवर आहात. काउंटीच्या शेरीफकडून पिस्तूल लपवून बाळगायचं परमिट मिळालं आहे. कामासाठी डेलावेअर आणि मेरिलँडला जावं लागतं, बहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. मित्राने सांगितलं की युटा आणि फ्लोरिडा या दोन राज्यांची अनिवासी परमिटं (म्हणजे परराज्यातल्या माणसालाही मिळणारी) काढली की तीसेक राज्यांची काळजी मिटते. ती काढावीत का, आणि आणखी कुठली काढावीत?

फ्लोरिडाचं काढू नका. युटाचं काढा, पण ते तुम्हाला डेलावेअरपुरतंच उपयोगी पडणार आहे हे धरून चाला. खरा वेळ आणि पैसा घालायचा तो न्यू जर्सी आणि मेरिलँडच्या परमिटवर, कारण गाडी तुम्ही तिकडेच नेणार आहात. मी या भागात परमिटचे वर्ग घेतो, युटाचा प्रमाणित प्रशिक्षक आहे, आणि आपल्या मंडळींना सगळ्यात जास्त वेळा हेच समजावत आलो आहे. वकील मात्र नाही. खाली जिथे वकील गाठा म्हटलं आहे, तिथे खरोखरच गाठा.

तुमच्या मित्राचा तीस राज्यांचा हिशेब कुठून येतो ते आधी पाहू. आज अमेरिकेतल्या २९ राज्यांत पिस्तूल लपवून बाळगायला परमिटच लागत नाही. व्हर्मॉन्टमध्ये तर ते कधीच लागत नव्हतं आणि ते राज्य परमिट देतही नाही. ॲरिझोनाने ही अट २०१० मध्ये काढली, ओहायोने २०२२ मध्ये, खुद्द फ्लोरिडाने जुलै २०२३ मध्ये, साउथ कॅरोलायना आणि लुइझियानाने २०२४ मध्ये. म्हणजे परमिट कुठे चालतं ते दाखवणाऱ्या नकाशावर युटा-फ्लोरिडाच्या परमिटमुळे हिरवी झालेली बहुतेक राज्यं ती परमिटं नसतानाही हिरवीच असतात. लाल राहतात ती न्यू जर्सी, मेरिलँड, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन डीसी. परक्या राज्याचं परमिट तिथे चालत नाही, मग तुमच्याकडे एक असो नाहीतर सहा असोत. आपली माणसं नेमकी याच राज्यांत जास्त आहेत.

हिरव्या राज्यांतही एक गोम आहे. काही राज्यं दुसऱ्या राज्याचं परमिट मानतात ते ज्याचं त्याच्या राहत्या राज्याने दिलेलं असेल तरच. कोलोरॅडो आणि मिशिगन असंच करतात, म्हणजे तुमच्यासारख्या पेनसिल्व्हेनियावाल्याचं युटाचं परमिट तिथे कुचकामी. तुमच्या स्वतःच्या राज्याचा इतिहासही माहीत असू द्या. इथे परमिट नाकारलेली बरीच माणसं पूर्वी टपालाने फ्लोरिडाचं अनिवासी परमिट मागवून इथेच पिस्तूल बाळगायची. फेब्रुवारी २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या ॲटर्नी जनरलने फ्लोरिडाबरोबरचा करार बदलून ती पळवाट बंद केली. त्यामुळे कुठल्याही परमिटबद्दल तीन गोष्टी विचारायच्या: ते कुणी दिलं, मी राहतो कुठे आणि आत्ता उभा कुठे आहे.

आता न्यू जर्सीबद्दल, जरा सविस्तर. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की तुमचं पेनसिल्व्हेनियाचं परमिट तिथे शून्य होतं. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या एका तरुण आईला अटलांटिक काउंटीत रहदारीच्या साध्या कारणावरून पोलिसाने थांबवलं. दोन मुलांची आई, मागे एकही गुन्हा नाही, पेनसिल्व्हेनियाचं रीतसर परमिट. तिने प्रामाणिकपणे आपणहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हे माझं परमिट. ड्रायव्हिंग लायसन्स चालतं तसंच हेही चालत असेल असा तिचा समज होता. तिला अटक झाली आणि महिन्याहून जास्त काळ ती तुरुंगात राहिली. विनापरवाना हँडगन हा तिथे दुसऱ्या दर्जाचा गुन्हा आहे, शिक्षा पाच ते दहा वर्षं, आणि त्यातले साडेतीन वर्षं पॅरोलशिवाय काढणं सक्तीचं. देशभर आवाज उठला म्हणून २०१४ मध्ये तिला तुरुंगाऐवजी सुधारणा कार्यक्रमात घेतलं, आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी माफी दिली. तुमच्या-माझ्यासाठी देशभर आवाज उठेलच असं नाही.

'मग मी गोळ्या काढून पिस्तूल डिकीत कुलूपबंद ठेवीन, संघराज्याचा कायदा आहे की' असं अनेकजण म्हणतात. कायदा आहे, १९८६ सालचा. राज्याराज्यांतून जाणाऱ्या प्रवाशाला तो संरक्षण देतो, पण निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण या दोन्हीकडे ते शस्त्र बाळगणं आणि जवळ घेऊन फिरणं तुम्हाला कायदेशीर असलं पाहिजे. पेनसिल्व्हेनियातून व्हर्मॉन्टला जाताना वाटेत न्यू जर्सी लागलं, तर या कायद्याचा आधार घेता येतो. बहिणीकडे एडिसनला मुक्कामाला गेलात तर नाही, कारण तुमचं पोचायचं ठिकाण न्यू जर्सीच आहे.

वाटेत थांबलात तरी ते संरक्षण कसं सुटतं याचं उदाहरण न्यू जर्सीतल्याच नेवार्क विमानतळावरचं आहे. २००५ मध्ये युटाचा एक प्रवासी विमानाने इथे पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनला येत होता. पिस्तूल रीतसर जाहीर करून चेक-इन सामानात दिलेलं. नेवार्कला पुढचं विमान चुकलं, सामान त्याच्या ताब्यात आलं, आणि तो रात्रीपुरता हॉटेलात राहिला. सकाळी काउंटरवर पुन्हा नियमाप्रमाणे पिस्तूल जाहीर केलं आणि तिथेच त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले, त्याने उलट दावा केला, पण २०१० मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. कारण इतकंच की रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, आणि हाताशी असलेल्या शस्त्राला तो कायदा लागू होत नाही. त्याने विमानतळावरच्या पोलिसांकडे जाऊन अडचण सांगायला हवी होती, असंही न्यायालयाने सुचवलं. म्हणून पिस्तूल घेऊन विमानाने जाणाऱ्यांना मी सांगतो की तिकीट नेवार्क, जेएफके किंवा लाग्वार्डियावरून काढूच नका. आणि चुकून विमान तिकडे वळलं किंवा चुकलं आणि विमान कंपनीने तुमची बॅग तुमच्या हातात द्यायचं म्हटलं, तर ती घेऊ नका.

चांगली बाजू अशी की न्यू जर्सीचं परमिट आता मिळतं. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात निकाल दिला की परमिट मागणाऱ्याने 'खास गरज' सिद्ध करावी अशी अट घालता येणार नाही. तोवर न्यू जर्सीत सामान्य माणसाला परमिट जवळजवळ अशक्यच होतं. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये नवा कायदा केला. परराज्यातल्या माणसाने अर्ज न्यू जर्सी स्टेट पोलिसांकडे करायचा असतो. नात्यात नसलेली आणि तुम्हाला किमान तीन वर्षं ओळखणारी चार माणसं साक्षीला लागतात. त्यांना आधीच विचारून ठेवा, कारण चौकशी त्यांच्याकडेही होते. ठरलेला प्रशिक्षणक्रम आणि रेंजवरची नेमबाजीची चाचणी असते. त्या कायद्याने फी २०० डॉलर केली आणि परमिट दोनच वर्षं चालतं, म्हणजे संपायच्या बरंच आधी नूतनीकरणाला लागायचं.

परमिट मिळालं तरी तुमचं इथलं पिस्तूल जसंच्या तसं तिकडे नेता येईल असं समजू नका. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन न्यू जर्सीत बेकायदा आहे. टोकाला खळगा असलेली हॉलो पॉइंट गोळी, जी इथे स्वसंरक्षणासाठी सर्रास वापरतात, ती तिथे कमरेला लावून फिरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. माझे विद्यार्थी न्यू जर्सीसाठी वेगळं मॅगझिन आणि वेगळ्या गोळ्या एका डब्यात ठेवतात आणि घरून निघायच्या आधी बदलतात. पोलिसाने थांबवलं तर लगेच सांगणंही तिथे कायद्याने बंधनकारक आहे. पिस्तूल चालणार नाही अशा ठिकाणांची यादी लांबलचक आहे आणि तिच्यावर कोर्टबाजी चालूच आहे, तेव्हा निघायच्या आठवड्यात ती पुन्हा वाचा.

मेरिलँडचं गणित सोपं आहे, वेळ मात्र खातं. तेही दुसऱ्या कुणाचं परमिट मानत नाहीत, पण परराज्यातल्या माणसाला स्वतःचं देतात. त्यासाठी १६ तासांचं प्रशिक्षण, त्यात प्रत्यक्ष नेमबाजी. पहिलं परमिट दोन वर्षांचं, पुढे तीन-तीन वर्षांचं. कामासाठी महिन्यातून एखाद्या वेळीच तिकडे जात असाल तर पिस्तूल त्या दिवशी घरी ठेवा. माझं मत विचाराल तर तेच बरं.

डेलावेअर पेनसिल्व्हेनियाचं परमिट मानत नाही, युटाचं मानतं. इथल्या लोकांना युटाचं परमिट लागतं ते मुख्यतः याच कारणासाठी. फ्लोरिडाचंही डेलावेअरला चालतं, पण एकाच कामाला दोन कशाला? शिवाय फ्लोरिडाला प्रशिक्षकासमोर प्रत्यक्ष गोळी झाडलेली लागते, युटाला लागत नाही. (म्हणून काहीजण युटाचा वर्ग एका दुपारी खुर्चीत बसून उरकतात. माझ्या वर्गात कुणालाही रेंजवर गेल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. ज्याने खिशातून पिस्तूल काढून कधी झाडलंच नाही, त्याने ते रस्त्यावर घेऊन फिरू नये.) पेनसिल्व्हेनिया युटाच्या रहिवाशांचं परमिट मानत असल्यामुळे युटा तुमच्याकडून आधी पेनसिल्व्हेनियाचं परमिट मागणार. त्याची प्रत अर्जाला जोडायची, आणि इथलं कधी संपू द्यायचं नाही. युटाचं परमिट पाच वर्षं चालतं.

युटाचे अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा बोटांच्या ठशांवरून. कार्डावर दहा चौकोन असतात, प्रत्येक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच, न थांबता फिरवायचं. लोक बोट दाबतात, मग शाई पसरते आणि रेघा एकमेकींत मिसळतात. हिवाळ्यात इथल्या कोरड्या हवेने बोटं खरखरीत होतात, पन्नाशीनंतर रेघा झिजलेल्या असतात, भांडी घासून आणि साबणाने तर आणखीच. आठवडाभर रोज रात्री लोशन लावा, ठसे द्यायच्या दिवशी मात्र लावू नका आणि हात कोरडे पुसा. बोट ढिलं सोडा, फिरवायचं काम ठसे घेणाऱ्याला करू द्या. आणि एकाऐवजी दोन कार्डं करून घ्या, म्हणजे एक परत आलं तर तुमच्याकडे दुसरं तयार असेल.

बाकीच्या लाल राज्यांबद्दल थोडक्यात. न्यू यॉर्क शहर ऑगस्ट २०२४ पासून परराज्यातल्या माणसांचे अर्ज घेतं, १६ तासांचा वर्ग आणि दोन तासांची नेमबाजी लागते, आणि टाइम्स स्क्वेअरमध्ये तरीही चालत नाही. वॉशिंग्टन डीसी देतं. मॅसॅच्युसेट्स देतं, एकाच वर्षाचं. इलिनॉय ठरावीक काही राज्यांच्याच रहिवाशांना देतं, पेनसिल्व्हेनिया त्यात नाही, पण तुमच्या राज्याचं परमिट असेल तर तिथे पिस्तूल तुमच्या गाडीत ठेवता येतं. तुमच्या प्रश्नात ही राज्यं नाहीत, तेव्हा इतकंच पुरे.

आता एक मुद्दा, जो बहुतेक वर्गांत सांगितलाच जात नाही. शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत पिस्तूल बाळगण्याविरुद्ध संघराज्याचा कायदा आहे. त्यातून परमिटधारकाला सूट आहे, पण परमिट त्याच राज्याने दिलेलं असेल तरच. म्हणजे डेलावेअरने तुमचं युटाचं परमिट मानलं तरी शाळेजवळच्या रस्त्यावर ती सूट तुम्हाला लागू होत नाही, आणि परमिटची गरज नसलेल्या राज्यांत बिनपरमिट फिरणाऱ्या पाहुण्यालाही नाही. गावातला कुठलाही मोठा रस्ता शाळेजवळून जातोच. गोळ्या काढून कुलूपबंद पेटीत ठेवलेल्या पिस्तुलाला ही बंदी नाही. ज्या राज्यात वारंवार जाता, तिथलं स्वतःचं परमिट काढा असा आग्रह मी धरतो त्याचं हे एक मोठं कारण आहे.

तुमचं ग्रीन कार्ड हा या सगळ्यातला सगळ्यात नाजूक भाग आहे. संघराज्याचा कायदा ग्रीन कार्डधारकाला शस्त्र बाळगू देतो, राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे. फ्लोरिडा ग्रीन कार्डवाल्याला परमिट देतं. ॲरिझोना परराज्यातल्या माणसाला देतं, पण तो अमेरिकी नागरिक असेल तरच. आयडाहोत बिनपरमिट बाळगायची मुभाही अमेरिकी नागरिकांनाच आहे, आणि यलोस्टोनच्या सहलीत आपली माणसं आयडाहोतून जातातच. नॅशनल पार्कमध्ये २०१० पासून त्या-त्या राज्याचा कायदा लागतो, पार्कच्या सरकारी इमारतींत मात्र शस्त्र नेता येत नाही. 'परमिट लागत नाही' असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचा: कुणाला लागत नाही?

त्याहून गंभीर म्हणजे इमिग्रेशनच्या कायद्यातलं कलम २३७. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्या परकीय नागरिकाला देशाबाहेर काढता येतं, मग तो इथे किती का वर्षं राहिलेला असेना. नागरिक असलेला तुमचा मित्र न्यू जर्सीत पकडला गेला तर त्याला दंड आणि तुरुंगाची भीती. तुम्हाला घर, नोकरी, मुलांच्या शाळा, सगळंच जाण्याची. दुर्दैवाने अटक झालीच, तर फौजदारी वकिलाने सुचवलेली कुठलीही तडजोड इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. फौजदारी न्यायालयात किरकोळ वाटणारी कबुली इमिग्रेशनच्या दृष्टीने 'दोषी' धरली जाऊ शकते.

घरातल्यांचाही विचार करा. एच-१बी, एच-४, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला शस्त्र किंवा गोळ्या बाळगायला संघराज्याच्या कायद्यानेच बंदी आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडून. मेहुणा एच-१बीवर असेल तर त्याला हौसेने रेंजवर नेऊन हातात पिस्तूल देऊ नका. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले असतील, तर पिस्तूल तिजोरीत आणि तिचा आकडा फक्त तुम्हाला आणि तशाच हक्काच्या माणसाला ठाऊक असावा. प्रवासात पेट्रोल भरायला थांबलात, पिस्तूल गाडीत ठेवून आत गेलात आणि गाडीत फक्त बाबा बसलेत, तर त्या पाच मिनिटांत ते कुणाच्या ताब्यात आहे असा प्रश्न पोलीस विचारू शकतात. पत्नीचंही तसंच. तिचं स्वतःचं परमिट नसेल तर तुमचं पिस्तूल ग्लोव्ह बॉक्समध्ये असताना तिने एकटीने गाडी नेणं पेनसिल्व्हेनियात गंभीर गुन्हा ठरू शकतो. परमिट माणसाला असतं, गाडीला किंवा कुटुंबाला नाही.

या याद्या किती लवकर बदलतात तेही पाहा. डिसेंबर २०१५ मध्ये व्हर्जिनियाच्या ॲटर्नी जनरलने २५ राज्यांची परमिटं मानणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. महिनाभरात राजकीय समझोता झाला आणि जुलै २०१६ पासून उलट सगळ्याच राज्यांची मानायला सुरुवात झाली. तेव्हा फोनवरच्या ॲपमधल्या नकाशावर विसंबू नका. त्या राज्याच्या स्टेट पोलिसांचं किंवा ॲटर्नी जनरलचं पान उघडा, तिथली यादी तारखेसकट छापून गाडीत ठेवा. सगळ्या राज्यांनी एकमेकांची परमिटं मानावीत असं विधेयक २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडलं. २०२५ मध्ये ते पुन्हा आलं आहे. ते होईल तेव्हा होईल, त्याच्या भरवशावर आज पूल ओलांडू नका.

शेवटी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. रेंजवर जी बॅग नेता ती भारतात जाताना वापरू नका, केबिनमध्येही नको आणि चेक-इनलाही नको. अस्तराच्या शिवणीत किंवा बाजूच्या कप्प्यात एखादं काडतूस राहून जातं. अमेरिकेतून निघताना ते कुणाच्या नजरेत येत नाही, आणि मुंबईच्या विमानतळावर परतीच्या वेळी क्ष-किरण यंत्रात दिसतं. एक जिवंत काडतूस म्हणजे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो, विमान सुटतं, जामीन, मग उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेण्यासाठी अर्ज. आपल्याजवळ काडतूस आहे याची जाणीवच नव्हती, हे मान्य करून न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर महिने जातात आणि परतीची नोकरी लोंबकळते. तुम्ही निघायच्या आदल्या रात्री जाकिटांचे खिसे, मुलांच्या सॅकचे कप्पे आणि गाडीतून उचललेल्या पिशव्याही उलट्या करून पाहा.